एवर्टचा उजवा गुडघा

शनिवार, २१ फेब्रुवारी १९५३
जायबंदी झालेल्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही, असा फुटबॉलचा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्यासमोर आणा! एवर्टचा गुडघा विसाव्या मिनिटाला गेला. ट्रेनर टॅटर्सलने ओला स्पंज फिरवला – त्याचं सगळ्या दुखण्यांवर तेच औषध – आणि माझ्या नातवाला नेऊन मैदानातच एका कडेला नावापुरता उभा केला. बुजगावण्यासारखा. दहा वर्षं बचाव सांभाळला त्याने, आणि लोक हसत होते. शेजारची बाईपण हसली. तिला म्हटलं, तुझा नवरा शनिवारी रात्री दोन पायांवर धड उभा राहतो का?

गुरुवार, २६ फेब्रुवारी
दर गुरुवारी टॅटर्सल सगळ्यांना स्टँडच्या पायऱ्या चढायला लावतो, कोण लंगडतो ते बघायला. एवर्ट चांगल्या पायावर भार टाकून चढला, सुटला. घरी येऊन शिट्टी वाजवत होता. दुखणं कबूल केलं की संघातून नाव जातं, आणि मे महिन्यात कोणाला ठेवायचं त्याची यादी निघते तेव्हा त्यातूनही जातं. राहतं घरसुद्धा क्लबचं. म्हणून कोणी तोंड उघडत नाही.

शनिवार, ७ मार्च
जिंकलो. पळत होता. दुखणं मारायची सुई टोचून घेतली असणार.

मंगळवार, १० मार्च
डोरीनला, म्हणजे बायकोला, घेऊन मागच्या अंगणात गेला. दार ओढून घेतलं. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. चाळीस वर्षं गिरणीत मागावर काढली मी. त्या खडखडाटात कान काय कामाचे, आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचायचो. माझ्याच हाताखाली वाढला आणि हे विसरला! दार लावून उपयोग काय, खिडकीला काच आहे. म्हणाला, मँचेस्टरच्या डॉक्टरने सांगितलंय, आणखी चार सुया घेतल्या की पाय जन्माचा ताठ. तरी एप्रिलपर्यंत रेटतो. फक्त तुला सांगतोय.
डोरीन रडली नाही. कपड्यांची दोरी ओढून घट्ट केली.
आज सालं फार जाड निघाली.

बुधवार, ११ मार्च
टॅटर्सलकडे गेले. बुटांना चरबी चोळत बसला होता. सगळं सांगितलं. म्हणाला, "ग्रिमशॉबाई, पोराच्या पोटावर पाय देताय तुम्ही."
म्हटलं, पोटाला दुसरं काही मिळेल. गुडघा कुठल्या दुकानात मिळतो?
कोणी सांगितलं म्हणून सांगू, असं त्याने विचारलं. कोणाचंच नाव घेऊ नकोस म्हटलं.
तिथे चुकले.

शुक्रवार, १३ मार्च
पाटीवर उद्याचा संघ लागला. उजव्या बॅकच्या जागी दुसऱ्याचं नाव. एवर्ट घरात आला तो टोपीसकट. डोरीनला एवढंच म्हणाला, "तुला एकटीलाच सांगितलं होतं."
तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या ध्यानात आलं. तरी गप्प राहिली. मीही गप्प राहिले.
अंथरूण त्याने खाली कोचावर घातलं.

रविवार, २९ मार्च
अजून कोचावरच. मीठसुद्धा माझ्याकडे मागतो, ते तिच्या हाताशी असलं तरी. मी डोरीनला स्वयंपाकघरात गाठलं. का बोलत नाहीस म्हटलं. म्हणाली, "माझ्यावरचा राग उतरेल त्याचा, आजी. तुमच्यावरचा नाही उतरायचा. या वयात कुठे जाल तुम्ही?"
मूर्ख पोरगी. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला एवढं कोणी पाठीशी घातलं नाही.

बुधवार, १५ एप्रिल
कठडा न धरता जिना उतरला. मी पाहिलं.

सोमवार, ४ मे
क्लबचं पत्र आलं. यादीत नाव नाही, जूनअखेर घर सोडा. एवर्टने ते डोरीनच्या ताटाशेजारी ठेवलं. "झालं मनासारखं?"
काटा खाली ठेवला मी. म्हटलं, टॅटर्सलकडे मी गेले होते. काचेतून तुझे ओठ वाचले. हिने बाहेर एक अक्षर काढलं नाही, आणि माझंही नाव घेतलं नाही. आता हिला काही विचारायचं नाही. मला विचार. उत्तर मी द्यायचं.