पुढच्या चाकांवरचं सील

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : ट्रकच्या पुढच्या दोन्ही हबवरील सील तोडण्यास तातडीने लेखी परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : १) आपले डिझेल-बचतीचे परिपत्रक. २) आपल्या कारकुनांनी फोनवर दिलेली उत्तरे.

महोदय,

मी वरच्या पंपघराचा ट्रकचालक. अर्ज करतो तो असा :

१. डिझेल वाचावे म्हणून आपण सगळ्या ट्रकांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले हब ‘मोकळे’ या खुणेवर फिरवून त्यांना शिशाचे सील ठोकले. कोरड्या सडकेवरही पुढचा एक्सल लावून, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, गाडी हाकणारे महाभाग आमच्यात होते, तेव्हा परिपत्रकावर राग नाही. पण आमच्याकडे सडकच उरलेली नाही. खाली जायच्या वाटेवर मध्येच एक चढ लागतो; मोठी पाइपलाइन फुटून त्याचा चिखलराबडा झाला आहे. मागची चाके जागच्या जागी गरगरतात आणि ट्रक आडवा सरकतो.

२. कारकून म्हणाले, “लिव्हर ओढल्यावर हिरवा दिवा लागतो ना? मग लागला पुढचा एक्सल. उगाच रडू नका.” दिवा लागतो. पण तो लिव्हरचा आहे, चाकाचा नाही. लिव्हर ओढली की गिअरबॉक्समागच्या पेटीत दात अडकतात, पुढचा शाफ्ट फिरतो, तो एक्सलचे दांडे फिरवतो. दांड्याची आणि चाकाची गाठ पडते ती हबमध्ये. हब मोकळा असेल तर दांडा आतल्या आत फिरतो आणि चाकाला पत्ताच नसतो. आपल्या कार्यालयात अर्ज फिरतो, तसे. हब हाताने जरासा फिरवला की काम झाले. मध्ये आपले सील आहे.

३. सील काढायला “गाडी इकडे आणा” म्हणतात. आणता आली असती तर सील काढा म्हणून कशाला ओरडलो असतो? साहेबांना पाठवा म्हटले, तर “त्या चिखलातून साहेबांची जीप येत नाही.” तोंडी परवानगी मागितली, तर “तोंडी चालत नाही.”

४. पक्कड माझ्या सीटखालीच आहे. पण सील तोडणाऱ्याची नोकरी जाईल असे आपण छापले आहे, आणि आधीच्या चालकाची गेलीसुद्धा. नोकरीबरोबर खात्याच्या दवाखान्याचे कार्ड जाते. मला जायचे आहे त्याच दवाखान्यात. दुसरा या बाजूला नाही. माझ्या पत्नीचे दिवस भरले आहेत. बाळ आडवे आहे, तिने पायी चालायचे नाही, पोट कापावे लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. सकाळी आम्ही रिकामी खाट खांद्यावर घेऊन चढ चढून पाहिला. पहारेकऱ्याचा पाय गुडघाभर रुतला आणि खाट उलटली.

पत्नी म्हणते, “साहेबांना लिहा, बाळाला थांब म्हणून सांगितलंय. पण ते तुमच्यावर गेलंय, ऐकत नाही.”

५. लाइनमन हा अर्ज घेऊन चिखलातून पायी आला आहे. त्याला बाकावर बसवून ठेवू नये. याच कागदाच्या पाठीवर ‘तोडा’ एवढे लिहून सही करावी. दुसरे काही मागत नाही. तो परत येईपर्यंत पत्नीला शेजारी बसवून मी ट्रक चढाखाली उभा ठेवतो. लिव्हर ओढलेली असेल. हिरवा दिवा लागलेला असेल.

आपला,
अजून तरी नम्र,
(सही)
ट्रकचालक, वरचे पंपघर

दिनांक : लाइनमन पोहोचेल तो.
सोबत : काही नाही. पक्कड इकडे लागेल.