मेलानेच्या झऱ्याची ओळ

मी फानोदेमोस, कालिआसचा मुलगा, राहणार मेलाने, युबोइया बेट, वय एकोणसत्तर, धंदा महाकाव्य म्हणण्याचा. देवांनी आणखी दिवस दिले तर उत्तमच. न दिले तर माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी काव्यातली जहाजांची अख्खी यादी, कोणत्या गावचे वीर कोणत्या जहाजांतून लढाईला गेले ती, न अडता म्हणून पाहिली आणि मगच लिहायला बसलो. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट मुलीने दोनदा नको म्हटले आहे.

एक. घर, घरामागची द्राक्षवेल आणि दोन शेळ्या माझी मुलगी अर्खिप्पे हिला. नवरा समुद्रात बुडाल्यापासून ती माझ्याकडे आहे आणि हे घर तिनेच चालवले आहे. उत्तरेकडच्या खोलीचे छप्पर गळते. ते मी दरवर्षी दुरुस्त करणार होतो.

दोन. जांभळ्या काठाचा अंगरखा, जो घालून मी जत्रेत म्हणायला उभा राहत असे, शेजारीण मिर्तो हिला. वीस वर्षे मी सराव सुरू केला की ती खिडकी आपटून लावत आली. अंगरखा उबदार आहे.

तीन. काव्य कोणाच्या नावे करता येत नाही. मला ते वडिलांकडून मिळाले, द्राक्षे तुडवण्याच्या हौदात. एक जड पाऊल, दोन हलकी. असे पाच वेळा, म्हणजे पाच गण. सहाव्या वेळी दोन पावलांत थांबायचे. दोन हलक्यांच्या जागी एक जड चालते. श्वास तिसऱ्या गणात घ्यायचा. अर्थ पुढे कळला, पाय आधी शिकले. या चालीत हजारो ओळी डोक्यात राहतात. तिचा धोकाही त्यातच आहे, चालीत बसेल ती ओळ जुनी वाटते, आणि त्याबद्दल मला पुढचे कलम लिहायचे आहे.

चार. एकतीस वर्षांपूर्वी अमारिन्थोसला आर्टेमिस देवीच्या जत्रेत स्पर्धेसाठी उभा होतो. तिथला नियम असा की एकाने जिथे थांबायचे, तिथून दुसऱ्याने उचलायचे. अडखळला तो बाद. माझ्या आधी तिथलाच काव्य म्हणणारा देक्सिलाओस होता. तो जहाजांच्या यादीत मुद्दाम अवघड जागी थांबला. मी उचलले, आठ ओळी म्हटल्या आणि पुढचे काहीच आठवेना. पण पाय थांबले नाहीत. तोंडातून ओळ निघाली: मेलानेचे ते वीर, जे उंचावरच्या झऱ्याचे गार पाणी पितात. दुसरा अर्धा भाग काव्यात सगळीकडे सापडतो, कोणत्याही गावाला जोडता येतो. पहिल्या अर्ध्यात जिभेने माझे गाव घातले. सहा गण पुरे झाले, श्वास जागेवर पडला आणि पुढची खरी ओळ आठवली. कोणाच्याही लक्षात आले नाही, असे मला वाटले. पुढच्या जत्रांत इतरांनीही ती ओळ उचलली.

तीन वर्षांनी वरच्या झऱ्यावरून आमचे आणि लिथारा गावाचे भांडण निवाड्याला गेले. निवाडा करणारे परगावचे होते. आमच्या लोकांनी ती ओळ पुढे केली. खुद्द जुन्या काव्यात झरा मेलानेचा आहे, म्हणाले. ओळ जुनी कशावरून, हे ठरवायला देक्सिलाओसला बोलावले. त्याने बोटांवर मोजून सांगितले, गण बरोबर आहेत. झरा आम्हाला मिळाला. मी गर्दीत उभा होतो. बोललो नाही.

लिथाराचे लोक तेव्हापासून उन्हाळ्यात मेंढ्या खालच्या ओढ्यावर नेतात, अर्धा दिवस जायला, अर्धा यायला. लिथारात चाळीस चुली होत्या, आता अकरा आहेत. माझ्या वेलीला मात्र त्याच झऱ्याचे पाणी आहे.

मी येथे शपथेवर लिहितो की ती ओळ माझी आहे. जुनी नाही. झरा लिथाराला परत मिळावा म्हणून हे मृत्युपत्र निवाड्यापुढे ठेवावे.

अर्खिप्पेला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सुटाल. मला इथं राहायचंय. पाण्यावर गेले की बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतील."

मी म्हटले, "होय, राहतील."

ती बराच वेळ शेळीच्या पायातले काटे काढत बसली. मग म्हणाली, "पाणी गेल्यावर वेल जगायची नाही. तिथं अंजीर लावीन. लिहा तुम्ही."

पाच. देक्सिलाओसशी मी अठ्ठावीस वर्षे बोललो नव्हतो. त्याने तेव्हा ओळ नवी आहे हे ओळखून मला उघडे पाडले असते तर हे सगळे टळले असते, असे मी धरून बसलो होतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो.

"अरे, मला विचारलं ओळ चालते का," तो म्हणाला. "मी म्हटलं चालते. कोणाची ते विचारलंच नाही कोणी. आणि तू तिथंच होतास की. तुझी जीभ काय शेळीनं खाल्ली होती?"

"तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या शेजारी उभं राहून ऐकली मी ती. म्हटलं, गडी सावरला. मनात दाद दिली."

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे आणि अजून जत्रेत म्हणतो. त्याच्यावरचा राग मी येथे सोडतो. म्हणताना हातात धरायची माझी काठी त्याला देतो, एका अटीवर. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या जत्रेत त्याने यादी म्हणावी. माझ्या ओळीपाशी आला की गप्प व्हावे. काठी जमिनीवर सहा वेळा आपटावी, ओळीच्याच चालीने, आणि मग पुढची ओळ म्हणावी.

"अडखळलो म्हणून बाद करतील की रे मला," तो म्हणाला.

"करतील."

"वर लोक विचारतील, इथं काय होतं."

"त्यासाठीच तर. सगळ्यांसमोर सांग."

त्याने अट मान्य केली आहे. म्हणून निवाड्यातही साक्ष त्याचीच घ्यावी.

मेलाने येथे, द्राक्षतोडणीच्या महिन्यात, अमावास्येनंतरच्या नवव्या दिवशी, लिसानिआस अधिकारी असताना लिहिले.

फानोदेमोस. मोहर उमटवली.

साक्षीदार:

देक्सिलाओस, रा. अमारिन्थोस. वाचले. काठी घेईन.

थ्रासोन, धनगर, रा. लिथारा. लिहिता येत नाही. मजकूर दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मेंढ्यांच्या कानाला करतो ती खूण खाली काढली.