नॅनो थेंबांची रिकामी बाटली

प्रिय सरू,

तू होतीस तोवर तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. एका हाकेवर असायचीस, कशाला लिहू? आज लिहितोय, कारण आपल्या दोघांतलीच एक गोष्ट उद्या मंदीला सांगायची आहे, आणि जीभ रेटत नाही.

आपल्या मंदीच्या छातीत गाठ निघाली गं. तुझ्यासारखीच, डाव्या अंगाला.

परवा शहरात, उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा बापलेकीला समजावलं. औषध जुनंच, पण चरबीच्या इवल्या आवरणात गुंडाळलेलं. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतकं बारीक. त्यानं औषध गाठीत जास्त साचतं, काळजावर ताण कमी पडतो. मंदी हसली. म्हणाली, "आबा, आई नाय का शेळीला कडू गोळी कणकेत घालून चारायची? तसंच हाय हे." तुझीच लेक! बाईही हसल्या. म्हणाल्या, "याला नॅनो औषध म्हणतात."

तो शब्द आपल्या घरात आधीच येऊन गेलाय, सरू.

तुला आठवतंय ना? शेतात नॅनो युरिया नवा आला होता. पोत्याचं काम अर्ध्या लिटरची बाटली करते, हे मीच पारावर वाचून दाखवलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण पेपर वाचावा तर आम्हीच, हा तोरा! त्याच तोऱ्यात लासूरच्या बाजारातून एकाकडून तुझ्या गाठीसाठी 'नॅनो थेंब' आणले. पिकाला लागू पडतं ते माणसाला का नाही पडणार, असं वाटलं मला. तू म्हणालीस, "अहो, मी काय कपाशी हाय व्हय?" तरी घेतलेस. तीन महिने, सकाळ-संध्याकाळ, माझ्या हातून. दवाखान्याचं काढलंस की मी म्हणायचो, "बघू." गाठ काखेत उतरली तेव्हा कुठं आपण दवाखाना गाठला.

उशीर का केला, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तर तू म्हणालीस, "मलाच भ्या वाटत व्हतं." का गं असं केलंस? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस. मंदी दाराशी उभी होती. तिनं आजवर तेच खरं धरलंय.

काल म्हणाली, "आई भ्याली म्हणून गेली. मी नाय भिणार. पण आबा, तुम्ही लई वाचता, तुम्ही सांगा. घेऊ का हे औषध?"

मी म्हणालो, "बघू."

पुन्हा बघू! त्या बघूपायीच तू गेलीस ना?

तसं बाईंनी काही लपवलं नाही. हातापायांची आग होईल, तोंड येईल, गुण येईल अशी आशा आहे पण हमी देत नाही, म्हणाल्या. बाजारातल्या त्या माणसानं मात्र छातीवर हात मारून हमी दिली होती. एवढा फरक मला आता कळतो. पण माझ्या सल्ल्याची खरी किंमत ठाऊक नसताना लेकीनं माझ्यावर विसंबावं कसं?

उद्या पुन्हा बाईंकडं जायचंय. त्याआधी मंदीला सांगेन, की तिची आई भित्री नव्हती. ती चिडेल, कदाचित माझ्याशी बोलणार नाही. चालेल. बाईंना तीच विचारील, तीच ठरवील. मी शेजारी बसेन.

'नॅनो थेंब' असं छापलेली ती रिकामी बाटली अजून माझ्या पेटीत आहे. उद्या खिशात घालून नेतो. तोंडातून शब्द फुटला नाही, तर बाटलीच तिच्या हातात ठेवीन. हे वचन समज.

तुझा,
मंदीचा बाप