जाईला बघायला येणार

खांदेश्वर, ६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
दिनूचा शि. सा. न. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. आपली धाकटी मीना गेल्यावर तिची जाई दोन महिने बालगृहात होती. बालकल्याण समितीने मामा-मामी म्हणून ती आमच्याकडे दिली, पण सहा महिन्यांपुरती. ती मुदत आता संपते. सतरा तारखेला समितीतर्फे अस्मिता मॅडम घर बघायला येणार. अहवाल वाईट गेला तर पोर परत बालगृहात. टेन्शनने मला जेवण जात नाही. जयमाला म्हणते, तेवढंच पोट कमी होईल.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा दिनू

सातारा, १० जानेवारी

चि. दिनूस,
अ. उ. आ. घाबरतोस काय? तुझ्यासाठी अकरा मुली मी बघितल्या. बघायला येणारे आधी घर बघतात, मग माणसं. पसारा दिसता कामा नये. शेजारचा सोफा मागून आणा. कांदेपोहे करा, वर खोबरं सढळ हाताने घाला. जाईला मान खाली घालून बसायला सांग. तू मात्र बोलू नकोस. तुझ्या बोलण्याने तीन स्थळं गेली.

पोरीवर माझा जीव आहे, सांभाळा.
सुनीतीताई

खांदेश्वर, २७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं सगळं ऐकलं. जाईची चित्रं, खेळणी, दप्तर शेजारच्या रशिदाभाभींच्या घरी ठेवलं, त्यांचा सोफा आणला. मॅडम घरभर फिरल्या आणि विचारू लागल्या, इथे मूल राहतं कुठे? मी अभिमानाने सांगितलं, मॅडम, पत्तासुद्धा लागणार नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. जयमालाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात जाई उठली. सोफा आमचा नाही, जपून बसा, असं बजावून तिने मॅडमना हाताला धरून शेजारी नेलं. सगळं दाखवलं. मामाला सतराचा पाढा येत नाही आणि मामी वेणी फार घट्ट घालते, हेही कळवलं. मॅडम पाऊण तासाने हसतच परतल्या, आधीचं लिहिलेलं खोडलं.

आज समितीचा आदेश आला. जाई आपल्याकडेच राहणार. मॅडम मात्र तीन महिन्यांनी पुन्हा येतील.

हे कळल्यावर जाईने नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर स्केचपेनने आपलं नाव लिहिलं. जयमाला धावली. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर ती म्हणाली, जरा मोठं लिही, दारातून वाचता आलं पाहिजे.

लोभ वाढव, सल्ले आवर.
तुझा दिनू