अजून दोन हायत घरी

आबा, मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. मी तसं काही म्हणणार नाही. तुमच्या फोटोला हार घालायला मी वालूरला येत नाही, श्राद्धाला भाऊ बोलावतो तेव्हा काम आहे म्हणते, आणि काम खरंच असतं. आज लिहायला बसले ती आठवण दाटून आली म्हणून नव्हे. एक गोष्ट कोणाला तरी सांगायची आहे आणि जिवंत माणसाला सांगायची मला बंदी आहे. मेलेल्यांत माझ्या जवळच्या ओळखीचे तुम्हीच. आई अजून आहे, तिचे गुडघे धरलेत, बाकी बरी आहे.

मी नोकरीला लागले आणि वर्षाच्या आत तुम्ही गेलात. पोरगी सरकारात लागली एवढं पारावर सांगून झालं होतं तुमचं, पण मी काय करते हे काही तुम्हाला कळलं नाही. दिल्लीत राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून एक माणूस असतो. तो मंत्री नाही, सेनापती नाही, निवडून आलेला नाही; पण पंतप्रधानांनी 'आता काय करायचं' असं विचारलं की उत्तर त्याच्यापाशी पाहिजे. बाहेरच्या देशात आपली माणसं अडकली, सीमेवर काही पेटलं, की जो तो आपलं घोडं पुढं दामटतो. फौजेला घुसायचं असतं, परराष्ट्रवाल्यांना पत्रक काढायचं असतं, हेरखात्याला कोणालाच काही सांगायचं नसतं. हा माणूस सगळ्यांना एका टेबलाशी बसवतो, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि बाहेर एकच तोंड बोलेल असं बघतो. मी त्या टेबलाशी बसत नाही. भिंतीकडच्या खुर्चीवर बसून टिपणं काढते. बोरीच्या गोठ्यापेक्षा खुर्ची बरी, एवढंच.

बोरी गाव तुम्ही विसरला नसाल. ज्वारी पोटरीला आलेली, आणि आपली मेंढरं एका मालकाच्या उभ्या रानात घुसली. डुलकी तुम्हाला लागली होती, मेंढरांना नव्हे. मालकानं सगळा कळप आपल्या आवारात कोंडला आणि असा डंड सांगितला की अर्धी मेंढरं विकावी लागली असती. तुम्ही हात जोडले, पागोटं त्याच्या पायावर ठेवलं, मग एकदम शहाण्यासारखं बोललात. "मालक, मुकं जनावर उपाशी मरंल. मेंढरं चरायला सोडा, मी डंड घिऊन येतो. तवर ही पोरगी ठिवून घ्या." मी तुमच्या धोतराचा सोगा धरून उभी होते. तुम्ही एकेक बोट सोडवत तो माझ्या मुठीतून काढून घेतलात. मालकाला वाटलं, बाप आहे, पोरीसाठी उद्याच पळत येईल. मलाही तेच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई आली. फाटकाच्या फळ्यांतून हात घालून ती मला हाका मारते आहे, तिचा पदर खाली लोळतो आहे, आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेला मालक तिचं रडणं ऐकून निवांत होतो आहे. खरं सांगते, त्याच्या तोंडावरची ती निवांतपणाची कळा मी त्यानंतर लय लोकांच्या तोंडावर बघितली. तेवढ्यात तुम्ही आलात. आईचा दंड धरून तुम्ही तिला मागं ओढलंत आणि ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालात, "कामून रडायलीस? पोरगीच हाय न्हवं? अजून दोन हायत घरी." आईनं पदर गोळा केला. ती पुन्हा आली नाही, तुम्ही येऊ दिलं नाहीत. तुम्ही मात्र रोज दिवस कलताना मेंढरं घेऊन त्याच आवारावरनं जायचात, माझ्याकडं पाठ करून, हातातल्या टकळीवर लोकर कातत. एकदाही मान वळवली नाहीत. मी शेण काढत होते. शेवटी मालकाची बायकोच त्याच्यावर करवादली, "ही खायला काळ अन् भुईला भार कामून ठिवून घेतलीत? हिचा बाप ढुंकून बगत न्हाई. लेकराचा तळतळाट घ्यायचाय का?" एका बकऱ्यावर तोड झाली आणि मी सुटले. त्या संध्याकाळी तुम्ही आपल्या माणसांत बसून हसत सांगत होतात, "ज्याला घाई, त्येचाच हात दगडाखाली. आपुन घाई दावलीच न्हाई." सगळे हसले. तुमच्या हुशारकीची तारीफ सेलूच्या बाजारापर्यंत गेली. मला कोणी काही विचारलं नाही.

पुढं मी सेलूला वसतिगृहात निघाले तेव्हा तुम्ही स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं दिलंत. मी ते घेतलं आणि एकदाही अंगावर घेतलं नाही. थंडीत कुडकुडत निजायची, पण ते ट्रंकेच्या तळाशी. तुम्ही सुट्टीत विचारायचात, "ऊब लागती का गं?" आणि मी म्हणायची, "लागते." एवढी मी तुमची पोर आहेच.

आता दिल्लीचं सांगते. एका परक्या देशात रस्त्याच्या कामावरची आपली माणसं बंदूकवाल्यांनी उचलून नेली. त्यांत एक पोकलेन चालवणारा वालूरचा निघाला, आपल्या वेशीपासून हाकेच्या अंतरावरचा. गणपतीला घरी येतो म्हणालेला. सल्लागार साहेबांनी पहिल्या बैठकीत सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाले, "कोणीही घाई दाखवायची नाही." माझी पेन्सिल थांबली. शेजारच्या एका देशातल्या त्यांच्यासारख्याच पदावरच्या माणसाला ते रोज फोन लावायचे, कारण त्याचं त्या बंदूकवाल्यांकडं चालायचं. बोलणं पावसापाण्याचं, घोड्यांचं, नातवंडांचं. आपल्या माणसांचा विषय जाता जाता, चप्पल घालताना काढावा तसा. एकदा पलीकडच्यांनी पडद्यावर आपली माणसं रांगेत बसवून दाखवली. तिकडून त्यांनाही आम्ही दिसत होतो. साहेब खुर्चीतून उठले, पाठ केली आणि कोपऱ्यात जाऊन स्वतःसाठी चहा ओतत राहिले. नंतर म्हणाले, "त्यांना माझी पाठच दिसायला पाहिजे होती." ती पाठ माझ्या ओळखीची होती, आबा.

बोलणी जमत आली आणि एका टीव्हीवाल्यानं वालूरला जाऊन त्या पोराच्या आईला गाठलं. म्हातारीनं कॅमेऱ्यासमोर ऊर बडवून घेतला. दुसऱ्या दिवशी तिकडची मागणी चढली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ही बाई तुमच्याकडची ना? तुम्ही बोला तिच्याशी. शांत करा." त्यांनी तेवढंच सांगितलं होतं, हे नीट ऐका. मी फोन लावला.

"कोन बोलायलंय?"

"दिल्लीहून बोलायले, मावशी."

"दिल्लीला आपल्यावानी बोलत्यात व्हय? माय वं! माझं लेकरू कसं हाय, बाई? जेवायलंय का?"

"मावशी, रडणं बंद करा. तुमी हितं रडायलात अन् तिकडं त्यांचा भाव चढायलाय."

हुंदका गिळल्याचा आवाज आला. तिथं मी थांबायला पाहिजे होतं, काम झालं होतं. पण तुमच्या युक्त्यांची पेटी माझ्यात उघडली गेली होती, आणि आतलं सगळं जागच्या जागी होतं. मी म्हणाले, "टीव्हीवाले परत येतील. त्यांना सांगा, त्यो त्याच्या मर्जीनं गेला, आमचं काय चालतंय. घरी अजून लेकरं हायत." म्हातारी म्हणाली, "असं कसं बोलू, बाई? माझी जीभ झडंल." मी म्हणाले, "जीभ झडू द्या. लेकरू जितं पाहिजे का न्हाई?"

आणि ती बोलली. काय सांगू तुम्हाला, अशी कोरडी बोलली की वाहिनीवर लोकांनी तिला शिव्या घातल्या. कसली आई, म्हणाले, दगड आहे दगड. तिकडचा भाव उतरला. साहेबांनी ती चित्रफीत दोनदा बघितली आणि मला विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी म्हणाले, "घरी." माणसं सुटली, सगळी, अंगाला ओरखडा नाही. विमानतळावर हार, फोटो. वालूरच्या पोराला मी लांबून बघितलं. तो हाराला हात लावत नव्हता.

ती चित्रफीत त्या बंदूकवाल्यांनी त्याला दाखवली होती. एकदा नाही, रोज. बघ, तुझी आई काय म्हणती. आता तो घरी आहे. ओट्यावर बसतो, तिथंच निजतो. भावजयीनं वाढलेलं खातो, आईच्या हातचं पाणी घेत नाही. म्हातारीनं मला फोन केला. मी सुरुवातीला उचलला. "बाई, तुमी त्याला एकदा सांगा. तुमीच मला तसं बोलाया लावलं, एवढंच सांगा. मी सांगून बगितलं, त्याला वाटतंय म्हातारी आता गोष्टी रचायलीय. दिल्लीच्या बाईचं ऐकंल त्यो. मी मरायच्या आत एकदा माय म्हणू द्या त्याला." ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती विनवण्या करत होती, आणि मला 'तुमी' म्हणत होती.

मी साहेबांना विचारलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी चष्मा काढून ऐकून घेतलं. म्हणाले, "दुसरीकडं अजून आपली माणसं अडकलेली आहेत. आईचं ते बोलणं आपण पढवलेलं होतं हे एकदा बाहेर आलं, की पुढच्या कोणत्याच आईवर ते विश्वास ठेवणार नाहीत. मग तिचं पोर सुटणार नाही." मी म्हणाले, "म्हणजे कोणालाच सांगायचं नाही?" ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला सांगा." हसले नाहीत. ते खरं बोलत होते, आणि मला त्यांचा राग राग आला, बोरीच्या मालकाचा कधी आला नव्हता इतका.

म्हणून तुम्ही. आणि सांगायचंच आहे तर उरलेलंही सांगते, जे मी तुम्हाला जिवंतपणी कळू दिलं नाही. त्या आवारावरनं तुम्ही पाठ करून जायचात ना, टकळी फिरवत? टकळीवर लोकर नव्हती. नुसती काठी फिरत होती, आबा. सूत तुटून कुठं मागं पडलं होतं आणि तुम्हाला पत्ता नव्हता, बोटं आपली फिरवतायत, फिरवतायत. मी शेणाची पाटी खाली ठेवून बघत होते. मला तेव्हाच कळलं. लहान होते, पण मेंढरंवाल्याची पोर होते, रिकामी टकळी कोणी फिरवत नाही हे मला ठाऊक होतं. तेवढ्याच्या जोरावर मी तिथं राहिले, जेवले, निजले. आणि बाहेर आल्यावर तुम्हाला जन्मभर कळू दिलं नाही की मी बघितलं. तुम्ही घोंगड्याचं विचारायचात तेव्हा तुम्हाला काय विचारायचं असायचं तेही कळायचं. मी "लागते" म्हणून भाकरी मोडायची.

वालूरच्या पोराला मी तेवढंही ठेवलं नाही. तुम्ही अडाणी, तुमचं सोंग कुठंतरी फाटलं. माझं फाटलं नाही. म्हातारीला मी इतकं पक्कं पढवलं की त्या चित्रफितीत शोधायला त्याला काही सापडत नाही. मी स्वतः शोधून बघितलं. तिचा पदर, हात, डोळे, सगळं बघितलं. काही नाही.

हा कागद मी उद्या ऑफिसात नेऊन यंत्रात घालणार आहे, तिथं अशा कागदांची बारीक शेवई होते. आत्ता लिहिता लिहिता म्हातारीचा फोन येऊन गेला. मी टेबलावर उपडा घातला आणि वाजू दिला.