शालिग्रामची कानटोपी

१ डिसेंबर १९९६
सुरतेजवळ भेस्तानला पोचलो. मुलगा नितीन स्टेशनवर न्यायला आला होता. सून वैशालीने गरम कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. पलसाण्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, दिवसपाळीच्या वॉचमनचं कामही तयार आहे. चौथी शिकलो, अक्षर किडामुंगीचं, तरी रोज लिहायचं ठरवलंय. सुरत छान आहे. धास्ती वाटते, पण ती मला कायमचीच.

३ डिसेंबर
केबिनमध्ये खिळ्याला लोकरीची कानटोपी होती. आधीचा वॉचमन शालिग्राम दिवाळीत वारला, त्याची. भिंतीवर खडूने त्यानेच लिहिलंय, 'बिडी बाहेर ओढा'. काय गोल, मोत्यासारखं अक्षर! सकाळी गारठ्याने कान दुखले. टोपी घातली. माप घेऊन विणल्यासारखी बसली.

२० डिसेंबर
डोक्याला खाज, खपल्या, दोन ठिकाणी रुपयाएवढं टक्कल. डॉक्टर म्हणाले, नायटा. एरवी पोरांच्या डोक्यात होतो. पण दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन माझ्या अंगातला प्रतिकार कमी झालाय. नुसत्या मलमाने जाणार नाही, गोळ्या लागतील. दम्याचं औषध मात्र मनाने सोडायचं नाही. टोपीचं सांगितलं तर ओरडले. ती भट्टीत टाकली. माझ्या डोक्यात दुसऱ्याचं काही राहू देणार नाही.

२६ जानेवारी १९९७
टकलावर केस आले! पण काळे, कुरळे. माझे पांढरे, सरळ. वैशाली म्हणाली, बाबा, आता तुमच्यासाठी स्थळ बघावं लागेल. हसलो. मुकादम गंगाराम हसला नाही. म्हणाला, काका, असे केस शालिग्रामचे होते.

२८ जानेवारी
डोकं पार भादरून घेतलं. न्हाव्याने विचारलं, घरात कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही कुणी, एकाला घालवायचंय.

२९ जानेवारी
उठलो तर पुन्हा आलेले. काळे. कपाळापासून कानांपर्यंत— बरोब्बर कानटोपीएवढे.
गेटवर पाठमोरा उभा होतो. गंगारामने शालिग्राम म्हणून हाक मारली. त्याची चूक झाली. पण मी ओ दिली—

३० जानेवारी
नितीन म्हणतो, गावी चला. नाही जाणार. आयुष्यभर सगळ्याला भ्यालो— याला नाही. डोकं माझं आहे. वस्तरा आणलाय. आधी खुणेला लिहून ठेवतो—
मी उखा. हे डोकं उखाचं. हा हात उखाचा. हे अक्षर— हे एवढं गोल—