नो पार्किंगमधून मिळालेला पत्ता

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. समाधानदादास,

प्रतिभाचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. थंडीमुळे आईचा गुडघा पुन्हा धरतो आहे. झेंडूचा शेवटचा तोडा चालू आहे, शेवंती यंदा चांगली आली आहे. ही झाली खुशाली. आता भांडण.

तू हेल्मेट का घालत नाहीस?

तू नंबर बदललास, नवा कुणाला दिला नाहीस, ह्या घरात पाय ठेवणार नाही म्हणून निघून गेलास. तो तुझा निर्णय. पण गाडी माझ्या नावावर आहे. तू कुठल्याही चौकातून उघड्या डोक्याने गेलास की अंबडला कंपनीत माझा फोन वाजतो. मी तिथे डिस्पॅचला बसून दिवसभर मालाची चलानं बनवते आणि मधेच मला माझं चलान येतं. शेजारची उज्वला म्हणते, "आलं का गं भावाचं पत्र?" तिला गंमत वाटते. मी फोन उलटा करून ठेवते. शाळेत असताना मी कधी वहीवर शेरा घेतला नाही, आणि आता माझ्या नावापुढे सरकार लिहितं, विना हेल्मेट, सिग्नल तोडणे, नो पार्किंग.

तुला वाटत असेल, हिला काय, मोबाइलवर भरून टाकते. दादा, साइट उघडली तर ओटीपी येत नाही. ओटीपी आला तर साइट बंद पडते. एकदा सगळं जुळून आलं, पैसे खात्यातून गेले, आणि चलान होतं तिथेच, लाल अक्षरात. पावती छापून वाहतूक शाखेत गेले. खिडकीतल्या माणसाने पावती बघितली, संगणक बघितला, मला बघितलं. म्हणाला, "ताई, तुम्ही भरलंय हे मला दिसतंय. सिस्टिमला दिसत नाय."

"मग मी काय करू?"

"थांबा. दिसंल तिला पण."

तिला दिसायच्या आधी मला नोटीस आली. लोकअदालतीत हजर राहा म्हणून.

नोटिशीत एक शब्द आहे, दावापूर्व प्रकरण. म्हणजे अजून दावा लागलेला नाही, तो लागू नये म्हणून तडजोडीला बोलावलंय. हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी त्यातला 'दावा' तेवढा ऐकला. आपल्याकडे दावा म्हणजे बांधाचा दावा, एकदा लागला की नातवंडांना पुरतो. आबा ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "लेकीच्या नावानं कोर्टाचा कागद आला. उद्या हिला बघायला कोण येणार?" मी म्हटलं, आबा, अर्ध्या नाशिकला हा कागद आलाय. ते म्हणाले, "अर्ध्या नाशिकला पोरी नायत काय?"

ह्यावर काय बोलायचं ते तू सांग.

दसऱ्याच्या दिवशी तर तू हद्द केलीस. नंबर प्लेट झाकली म्हणून दंड. फोटो उघडून बघते तर प्लेटवर हा एवढा झेंडूचा हार. फूलवाल्याच्या घरातला माणूस, आणि फुलांसाठी दंड. मी इतकी चिडले होते की तसाच फोन आईपुढे धरला, बघ तुझ्या लेकाचे प्रताप. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकदा इकडे सरकवला, एकदा तिकडे. म्हणाली, "इकतचा नाय. हातानं ओवलाय. दोन फुलांआड पान घातलंय, आपल्यासारखं." मग तिने फोन परत दिला नाही. पदराखाली घेऊन चुलीपाशी गेली. मला कंपनीतून फोन येणार होता, तरी मी मागितला नाही.

तेव्हापासून ती रोज विचारते, "समाधानचं काय आलं का?" मी नाही म्हटलं की तिचं तोंड उतरतं. नियम पाळलास की आई काळजी करते आणि मोडलास की मी. ह्या घरात तुला बरोबर वागता येईल असा रस्ताच उरलेला नाही.

तुझा पत्तासुद्धा असाच मिळाला. मागच्या आठवड्यातल्या नो पार्किंगच्या फोटोत गाडीमागे टायरच्या दुकानाची पाटी दिसत होती. सुट्टी टाकून नाशिक रोडला गेले. दुकानाचे मालक सहादूभाऊ भला माणूस आहे, पण खोटं बोलायची त्यांना सवय नाही. मी नाव सांगायच्या आतच म्हणाले, "समाधान गावाला गेलाय."

"कुठल्या गावाला?"

ते गडबडले. "ते नाय सांगितलं त्यानं. बहीण आली तर गावाला गेलाय म्हणा, एवढंच सांगितलं."

आणि गाडी दारात उभी होती. पुन्हा नो पार्किंगच्या फलकाखालीच. मी म्हटलं, भाऊ, निदान ती आत तरी घ्या. त्यांनी लगेच आत घेतली. आतल्या पडद्यामागे पाना पडल्याचा आवाज आला. मी बसून राहिले, चहा प्याले, तू आला नाहीस. म्हणून हे पत्र. सहादूभाऊंच्या हातात देणार आहे. ते पोचवल्याशिवाय राहणार नाहीत.

आता जे लिहायचं ते लिहिते. सकाळपासून त्याच्याभोवती फिरते आहे.

त्या खिडकीतल्या माणसाने मला एक उपाय सांगितला होता. "गाडी तुमच्या ताब्यात नाय ना, मग चोरीची फिर्याद द्या. पुढचं तुमच्या अंगाला लागणार नाय." मी मूर्खासारखं ते घरी सांगितलं. आबांनी तेवढं धरून ठेवलं. मी म्हटलं, आबा, नेली कुणी ते आपल्याला माहीत आहे. ते म्हणाले, "ज्याला घर नको त्याला घरची गाडी कशाला?" आई भांडली, जेवली नाही. आबा हटले नाहीत. काल मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

हवालदाराने गाडीचा नंबर घेतला, माझं नाव घेतलं. शिक्षण विचारलं तेव्हा आबांनीच मोठ्याने सांगितलं, "बी. कॉम. आमच्या घरात पहिली." त्याने विचारलं, कुणावर संशय? आबा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "लिवा. समाधान भिमाजी." पुढे आडनाव आलंच नाही त्यांच्या तोंडातून. हवालदार थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण लागतो?"

मी म्हटलं, "गाडी चोरीला गेलेली नाही. मी दिली आहे."

"मग इथं कशाला आलात ताई?" त्याने पेन ठेवून दिलं.

आबा उठून बाहेर गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेली असताना आईला म्हणतात, "तिला इचार, कोर्टाची तारीख कधी हे." मग मी आईला सांगते आणि आई त्यांना सांगते.

मी खोटं बोलले का, हे मला अजून ठरवता येत नाही. मी तुला गाडी दिली नव्हती. तू नेलीस. पण देण्यासाठी ती आधी माझी असायला हवी. बँकेला पगाराची स्लिप लागत होती आणि घरात ती माझ्याकडेच होती, म्हणून माझं नाव. मीटर माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, कारण सही करायला पुढे मीच. पण नववीनंतर शाळा सोडून पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात नेणारा तू होतास आणि गाडीचे हप्ते त्या पाट्यांमधून गेले. बाजारात चारचौघांत आबा तुला म्हणाले की गाडीसुद्धा पोरीच्या नावावर आहे, तुझं काय आहे इथं. ते मला दुसऱ्यांकडून कळलं, तोवर तू गेला होतास. मी आबांना तेव्हाच बोलायला हवं होतं. काल ठाण्यात बोलले ते उशिरा झालं, पण झालं.

आता ठाण्यात मी दिली म्हणून सांगितलंय, म्हणजे सगळं माझ्या अंगावर आहे. लोकअदालतीत पुढच्या महिन्यात मीच उभी राहीन. त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण चलानं मिटली की गाडी तुझ्या नावावर करता येईल. मी चौकशी केली आहे. फॉर्मवर तुझी सही लागते, आधार लागतं, ओटीपी तुझ्या नव्या नंबरवर येईल. तो नंबर मला द्यावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नको करू त्याच्या नावावर." मला राग आला, म्हटलं, तूसुद्धा? ती म्हणाली, "मग त्याचे फोटू तुझ्याकडं यायचे नायत."

फॉर्म आणून ठेवले आहेत. सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत. ह्या पाकिटात घातले होते, पाकीट चिकटवायच्या आधी काढून घेतले. ते घरात भिंतीतल्या देवळीत आहेत. सही तिथे येऊन कर. आबा ओट्यावर असतील. ते तुझ्याशी बोलणार नाहीत, आईमार्फत बोलतील. त्याची सवय होते.

येताना हेल्मेट घाल.

तोवर निव्वळ कागदावर गाडीची मालकीण असलेली,
तुझी बहीण
प्रतिभा